शंभरातले सत्तावीस

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि रागावलेला आहे. अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटेखाली पडून दुसरं करणार तरी काय?

मला घडवलं तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी. 'हे असेल तर ते असेल' असे रोगांचे शेकडो नियम त्यांनी मला दिले. शिवाय प्रत्येक नियमाला आकडा जोडला, की हा शंभरात किती वेळा खरा ठरतो. नव्वद वेळा खरे ठरणारे तीन नियम एकापुढे एक लागले, की शेवटच्या उत्तराचा भरवसा त्र्याहत्तरावर येतो. उरलेले सत्तावीस विसरू नका, असं बाई दवाखान्यातल्या सगळ्यांना बजावून गेल्या.

म्हातारे डॉक्टर होते तोवर मला मान होता. ते आधी आकडा वाचत, मग रोगाचं नाव. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा खुर्चीत बसला. आकडे बघून रोगी उगाच घाबरतात, म्हणत त्यानं माझ्या काचेवर, नेमकी आकड्यांच्या जागी, जखमेची चिकटपट्टी डकवली. काय ही अक्कल!

एका दुपारी नर्सताईची सात वर्षांची लेक पोट धरून आली. मी 'अपचन' असं दाखवलं. त्र्याहत्तर पट्टीखाली होतं.

ताई म्हणाली, "डॉक्टर, पट्टी काढून बघू का? किती खात्री आहे ते कळेल."

"ताई, अपचन म्हणजे अपचन. घरी न्या तिला."

वर्षानुवर्षं डॉक्टरांचा शब्द झेललेली बाई ती. तिला तो मोडवला नाही. पोरीचं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, घरीच फुटलं आणि तिसऱ्या दिवशी पोर गेली.

चौकशी लागली. त्या सकाळी डॉक्टरनं पट्टी सोलली आणि काच स्पिरिटनं लख्ख पुसली. आकडा पहिल्यापासून सगळ्यांना दिसत होता, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

चौकशीवाल्यांनी ताईला विचारलं, "सत्तावीसचा धोका समोर दिसत असताना मुलीला घरी नेलंतच कसं?"

ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं, "इथे पट्टी होती." पण काच लख्ख होती, तिचं कुणाला पटलं नाही. मला फक्त रोगांबद्दल बोलता येतं, पट्टीबद्दल नाही. ताईची नोकरी गेली, आणि आकड्यांनी घोटाळे होतात म्हणून मीही इथे आलो. माझ्या जागी आता नुसतं नाव सांगणारं यंत्र आहे. त्याचं फार कौतुक होतं म्हणे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणी 'नक्की' म्हणालं, की किती नक्की ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. ताईनं एकदाच विचारलं होतं.