सातव्या पानावरचं वाक्य

कारखान्यात माझ्या पाठीमागे सगळे मला 'कात्री' म्हणतात. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं हे माझं काम, आणि एकच गोष्ट दोनदा सांगितलेली दिसली की माझं डोकं फिरतं. वाचणाऱ्याला खुळा समजू नका, हे मी हाताखालच्या मुलींना इतक्यांदा ऐकवलंय की त्या माझी नक्कल करून हसतात.

वाफेच्या टाकीच्या पुस्तकात 'झाकण उघडण्याआधी वाफ सोडा' ही सूचना दोन ठिकाणी होती. एकदा तिसऱ्या पानावर, एकदा सातव्यावर, साफसफाईच्या भागात. सातव्यावरची मी उडवली. पान कसं आटोपशीर झालं, म्हणून स्वतःवरच खूश झालो.

माझ्या ताईचे यजमान त्याच टाकीवर फिटर आहेत. तिथे सगळे करतात तेच त्यांनी केलं: साफसफाईचं तेवढं पान फाडून टाकीशेजारी चिकटवलं. मंगळवारी पान वाचत वाचत झाकण उघडलं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीचा अहवाल साहेबांनी माझ्याच गळ्यात मारला. "तू लिहिलेलं चटकन कळतं. सूचना तिसऱ्या पानावर आहे, यांनी वाचली नाही. एवढंच लिही, विषय संपला." विषय संपला म्हणजे भाऊजींची नोकरी संपली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. ताई उशाशी बसली होती. मी काही बोलायच्या आत भाऊजीच म्हणाले, "चूक माझीच आहे रे. एरवी मी अख्खं पुस्तक चाळतो. पण हे तू लिहिलेलं. आमचा मेहुणा काही सोडणार नाही, असं सगळ्यांना छातीठोक सांगत होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी, ते वाक्य या पानावर होतं. मी काढलं."

"का?"

"दोनदा आलं होतं."

ते बँडेजकडे बघत हळूच म्हणाले, "मी वाचलं असतं रे दोनदा."

त्या खोलीत मला उभं राहवेना. लाज वाटत होती, आणि इतकी वर्षं मिरवलेल्या माझ्या हुशारीची चीडही येत होती.

सूचना कुठून, कुणी आणि का काढली, ते मी अहवालात सरळ लिहिलं. साहेब दोन दिवस धुमसत होते. भाऊजींची नोकरी राहिली, मला लेखी ताकीद मिळाली.

ताई अजून माझा फोन उचलत नाही. उचलला तर काय बोलायचं, तेही मला सुचलेलं नाही.