मुक्कामी राहिलेला वॉर्मर

हिरेगावच्या सरकारी दवाखान्यात तपासणीच्या आधी टेम्पो पोचायचा. पांढऱ्या चादरी, पडदे आणि नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर हावगेप्पा ड्रायव्हर उतरवायचा. तपासणीवाले चहाला बसले की तेच सामान मागच्या दारानं पुढच्या गावी. तालुक्यातले निम्मे दवाखाने त्या एका वॉर्मरवर उत्तम ठरले होते. तो इतका फिरला होता की हुमनाबादचा ढाबा जवळ आला की वायर न लावताच तापायचा, आणि हावगेप्पा त्यावर भाकरी शेकून घ्यायचा. खोटं वाटत असेल तर हावगेप्पाला विचारा; तो याहून मोठी थाप सांगेल.

निलम्मा दवाखान्याच्या समितीची अध्यक्ष. नारळ फोडायचा आणि दाखवतील तिथं सही करायची, एवढंच काम तिला सांगितलेलं. पण गेल्या थंडीत गावातल्या कमलम्माची नुकती जन्मलेली नात बिदरच्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच गार पडली, ती गेलीच. तेव्हापासून निलम्मा वॉर्मर मागत होती. तालुक्याहून उत्तर यायचं, तुमच्याकडे वॉर्मर आहे, तपासणीत सगळ्यांनी पाहिलाय.

यंदा टेम्पो आला त्या सकाळी तिचीच सून श्रीदेवी आत कळा देत होती. मुलगी झाली, पेरूएवढी, पाय निळे. डॉक्टर भार्गवीनं तिला उचलून थेट वॉर्मरमध्ये ठेवलं. तपासणीवाले आले तेव्हा पाय गुलाबी व्हायला लागले होते. त्यांनी मान डोलावली आणि ओसरीत चहाला बसले.

टेम्पो मागच्या दारी लागला. तालुक्याचे सुधींद्र साहेब आत येऊन हळूच म्हणाले, बाळाला तासदोन तास मांडीवर घ्या, संध्याकाळी मशीन परत पाठवतो. निलम्मानं खुर्ची ओढली आणि दारातच ठाण मांडलं.

"तवर पोरीनं कुडकुडत बसावं व्हय, साहेब?"

साहेबांनी आधी समजावलं, मग दटावलं. असं आडवं लागाल तर अध्यक्षपद राहणार नाही, म्हणाले.

"अध्यक्षपद न्या की. ते टेम्पोत मावंल. हे लेकरू न्हाई मावायचं."

आवाज ओसरीपर्यंत गेला. तपासणीवाल्या बाई कप हातात घेऊनच आल्या. निलम्मा उठली नाही. बसूनच सांगितलं, तुम्ही आता पुढच्या गावी जाणार, तिथंही हाच वॉर्मर बघणार; विश्वास नसेल तर मागच्या दारचा टेम्पो कामून थांबलाय ते विचारा.

बाईंनी हावगेप्पाला विचारलं, हे खरं का? साहेब त्याच्याकडं रोखून बघत होते. जन्मात ज्यानं साधी गोष्ट तिखटमीठ लावल्याशिवाय सांगितली नाही, त्या हावगेप्पानं वॉर्मरमधल्या पोरीकडं पाहिलं.

"व्हय," एवढंच म्हणाला.

त्या वर्षी तालुक्यातला एकही दवाखाना उत्तम ठरला नाही. हिरेगावही नाही. निलम्माचं अध्यक्षपद आठवड्यात गेलं. वॉर्मर मात्र हलला नाही, कारण तो रिकामा सापडेचना. फाट्यावर सरकारी जीप दिसली की बायका हाताला लागेल ते लेकरू घेऊन दवाखान्याकडं पळायच्या. एकदा तर साहेब स्वतः आले, तेव्हा आत एक बत्तीस दातांचं बाळ पाय बाहेर काढून शेंगा फोडत पडलं होतं.

"अजून ऊब पुरंना त्याला," दारातल्या खुर्चीवरून निलम्मा म्हणाली.