शालीचा काठ आणि माझा उजेड

मित्रांनो, छायाचित्रे छापण्याच्या एका छोट्या खोलीत टेबलावर बसलेला मी एक जुना संगणकाचा पडदा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत इतका लखलखीत होतो. त्या लखलखाटावर भाळूनच या खोलीच्या मालकीण मावशींनी मला घरी आणले.

मावशींचा सारा जन्म कृष्णधवल छायाचित्रांत गेला. आधी अंधाऱ्या खोलीत, रसायनांत हात बुडवून. पुढे गुडघे कुरकुरू लागल्यावर माझ्यासमोर खुर्चीत बसून, शाईच्या प्रिंटरवर. येणारेजाणारे माझे कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

एकदा एक शिंपीकाका आपल्या दिवंगत आईचा एकुलता एक फोटो मोठा करून घ्यायला आले. आईने काळी शाल पांघरलेली. माझ्यावर शालीची घडी न घडी दिसत होती. कागदावर मात्र काळाठिक्कर गोळा उमटला, वर हिरवट झाक. तीन कागद वाया गेले. काका खाली मान घालून निघून गेले. मावशींना ते फार लागले. त्यांनी मला बंद केले, आणि आठवडाभर माझ्यावर धूळ साचत राहिली.

मग छापखान्यात काम करणारी त्यांची सून आली. तिने धूळ पुसली, माझ्या तोंडावर रंग मोजायचे छोटेसे यंत्र टेकवले आणि माझा उजेड निम्म्यावर आणला. त्याच जातीच्या कागदावर राखाडी छटांची पट्टी छापून तीही मोजली. ती मापे संगणकात भरल्यावर हिरवट झाक गेली, आणि छापल्यावर चित्र कसे दिसेल ते मला आधीच दाखवता येऊ लागले.

"आई, जरा डोळे मिटा. मी सांगेन तेव्हा उघडा," ती म्हणाली. आधीचा उजेड नजरेतून जायला हवा होता.

मावशींनी डोळे उघडले. मला निरखून म्हणाल्या, "मरगळलेला दिसतोय गं. पण खरा आहे. कागदावरचा काळा एवढाच गडद असतो."

मग त्यांनी आपल्या सरावलेल्या हाताने चित्रातली शाल हळूहळू उजळत नेली. चौथा कागद हुबेहूब माझ्यावरच्या चित्रासारखा निघाला.

निरोप मिळताच आलेल्या काकांनी तो खिडकीशी नेला आणि शालीवर बोट ठेवले. "हा काठ आईने स्वतः विणला होता. मला वाटलं, गेला तो."

मित्रांनो, आता मी पूर्वीसारखा चमकत नाही, पण समाधानी आहे. वयाबरोबर माझा उजेड ढळतो आणि माझे मला ते कळत नाही. म्हणून माझ्यावर ऊन पडू देऊ नका, महिन्यातून एकदा मला मोजत जा. माझ्यावर विश्वास जरूर ठेवा. फक्त आधी मला तपासून घ्या.