दोन खुंट्यांचा हिशेब

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी ओढगाडी आहे आणि मी डूख धरते. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटी म्हणाल, 'काय बाई ही गाडी, किती खुनशी!' आहेच मी खुनशी. माझ्यावर जे बेतलं ते तुमच्यावर बेतलं असतं ना, तर तुम्हीही झाला असता.

मला एका सुतारकाकांनी घडवलं. माणूस मोजकं बोलणारा, पण कामात हयगय नाही. जाड फळ्या, चार भक्कम चाकं, ओढायला लोखंडी दांडा. दांडा वळवला की माझी पुढची चाकं वळतात. पण ती फार वळली, तर पोटाखाली जातात आणि गाडी आडवी होते. म्हणून काकांनी माझ्या पोटाला दोन खुंट्या ठोकल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. चाकं तिथवर वळली की 'टक्' करून अडायची. त्या खुंट्या कुणाला दिसत नसत. मला मात्र त्यांचा फार अभिमान होता.

एक आई आपल्या तीन वर्षांच्या मुलीसाठी गाडी बघायला आली. मुलगी सारखी गुणगुणायची, म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. आईनं मला हात लावून पाहिलं, रंग विचारला. काका म्हणाले, "रंग राहू द्या. गाडी ज्याला पसंत, त्यानं आधी बसायचं."

"मी बसू? अहो, मोडेल ना!"

"मोडली तर घेऊ नका."

आई पर्स मांडीवर घेऊन बसली. काकांनी तिला अंगणभर फिरवलं, गर्रकन वळवलं. आई ओरडली, "काका, पडेन हो मी!"

"पाडेल ती गाडी माझी नव्हे," काका म्हणाले.

मी पाडलं नाही. मी त्यांच्या घरी आले, आणि काय सुखाचे दिवस होते ते! भुंगी, तिची उशी, तिच्या बाहुल्या, कधी भाजीची पिशवी, सगळं मी वाहिलं. येणारे-जाणारे म्हणत, "गाडी दणकट आहे हं!" मी फुगून जायचे.

त्या घरात भुंगीचा मामा होता, आईचा धाकटा भाऊ. स्वतःला मोठा कारागीर समजायचा. घरातली एक वस्तू धड ठेवली नव्हती त्यानं. घराच्या बाजूला अरुंद बोळ होता. तिथल्या वळणावर चाकं खुंट्यांना अडत, म्हणून मला एकदा मागे घेऊनच वळवावं लागे. एवढासुद्धा धीर त्याला नव्हता. एका दुपारी आई झोपली असताना त्यानं मला उलटं पाडलं, निळ्या मुठीची हातकरवत आणली आणि माझ्या दोन्ही खुंट्या कापून टाकल्या. दुसरी कापताना करवतीचं टोक माझ्या फळ्यांच्या फटीत अडकलं. त्यानं हिसका दिला आणि टोक कचकन तुटलं. त्याला वाटलं, कुठंतरी उडालं. ते माझ्याकडे होतं, मित्रांनो. मी ते गच्च धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो भुंगीला बसवून बोळातून पळत सुटला. वळणावर दांडा ओढला. अडायला काही उरलंच नव्हतं. मी कलंडले आणि भुंगीची हनुवटी दगडी पायरीवर आपटली. तीन टाके पडले.

"ताई, गाडीच दळभद्री आहे," मामा म्हणाला. "त्या सुताराला काही येत नाही."

आईनं काकांना फोन लावला. "पाडेल ती गाडी माझी नव्हे, असं म्हणाला होतात ना? माझ्या पोरीला तीन टाके पडलेत!" काका गाडी बघायला येतो म्हणत होते. आईनं ऐकून न घेता फोन ठेवला. पुढे कानावर आलं की काकांनी ओढगाड्या बनवणंच सोडलं. माझ्या बदनामीचं मला वाईट वाटलं, पण काकांच्या बदनामीनं मी पेटले. मनाशी म्हटलं, मामा, तू सापडशील कधीतरी.

दोन वर्षं मी जिन्याखाली रंगाच्या डब्यांमागे पडून होते. मामानं नवी लाल प्लास्टिकची गाडी आणली. तिला पेला ठेवायला खाच होती म्हणे! मी रोज मनातल्या मनात त्या खाचेचं वाटोळं चिंतलं. अखेर तिचा दांडा उपटून आला. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू?

तोवर घरात भुंगीचा धाकटा भाऊ दुडुदुडु चालू लागला होता. पाच वर्षांच्या भुंगीनं त्याच्यासाठी मला जिन्याखालून ओढून काढलं. आई किंचाळली, "ती नको! हात लावू नकोस तिला!" आणि तिनं काकांना फोन केला, "तुमची गाडी घेऊन जा, नाहीतर आजच फोडून टाकते."

काका आले. मामा तर उत्साहानं करवतच घेऊन आला. "न्यायची कशाला, ताई? मीच तुकडे करतो हिचे."

मित्रांनो, तीच निळी मूठ! माझा जीव टांगणीला लागला होता, पण मी आतून हसत होते.

काकांनी आधी मला उलटं केलं. खुंट्यांच्या थोटकांवरून बोट फिरवलं. "या कुणी कापल्या?"

मग काकांना फटीत काहीतरी चकाकताना दिसलं. त्यांनी चिमट्यानं धरलं, आणि मी दोन वर्षं आवळून धरलेलं ते टोक एका क्षणात सोडून दिलं. काकांनी मामाच्या हातातली करवत घेतली आणि तुकडा तिला लावून पाहिला. तंतोतंत बसला.

आई भावाकडे बघतच राहिली. "तू? आणि मी या माणसाला काय काय बोलले!"

"ताई, मला वाटलं, नीट वळेल..."

"बस गाडीत."

"अगं, पण..."

"बस म्हणते ना!"

मामा गुडघे पोटाशी घेऊन बसला. आईनं दांडा भुंगीच्या हातात दिला, मागून स्वतः ढकललं आणि म्हणाली, "वळव." भुंगीनं दांडा गर्रकन फिरवला. खुंट्या नव्हत्या, म्हणजे मी कलंडणारच होते. पण मी मुद्दाम थोडी जास्तच कलंडले. मामा चिखलात तोंडावर पडला.

उठून त्यानं काकांची माफी मागितली. काकांनी दोन नव्या खुंट्या ठोकल्या आणि त्याला पुन्हा बसायला लावलं. या वेळी मी हलले नाही. मगच आईनं बाळाला माझ्यात ठेवलं.

तेव्हा मुलांनो, आईबाबांबरोबर गाडी निवडायला गेलात, तर रंगावर आणि खाचांवर भाळू नका. गाडी उलटी करा, तिचं पोट बघा, मोठ्या माणसाला बसवून वळवा. आणि कुणी तिचं काही कापलं असेल, तर त्याच दिवशी सांगा. तुमच्या गप्प बसण्यानं कुणाची तरी हनुवटी फुटते आणि कुणाचं तरी नाव जातं.

मामाला मी माफ केलं का? छे! आता बाळाला रोज तोच फिरवतो. बोळाच्या वळणावर तो मुकाट्यानं थांबतो, मला मागे घेतो, मग वळवतो. इतर कुणी ओढत असलं की माझ्या खुंट्या हळूच वाजतात. मामाच्या हाती दांडा असला की मात्र मी जोरात वाजवते. टक्! प्रत्येक वेळी त्याचा हात आपल्या हनुवटीकडे जातो.