चार बोटांचा प्ले

हद्दूने फटफटी मधल्या स्टँडवर चढवली, पहिला गिअर टाकला आणि उकिडवं बसून मागचं चाक दोन्ही हातांनी पुढेमागे हलवलं. गिअरमध्ये असलेलं चाक जेमतेम बोटभर हलावं आणि अडावं. हे चाक बिजागरी निखळलेल्या दारासारखं खुशाल हललं आणि मग आत कुठेतरी ठक् झालं. त्याने टायरवर खडूने खूण केली, चाक दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा खूण केली आणि मधलं अंतर मोजलं.

"चार बोटं प्ले," तो म्हणाला. "मास्तर, ही गाडी आहे की पाळणा?"

झायद मास्तर दोन हेल्मेटं सांभाळत हद्दूच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराशी उभा होता. मिडेल्टच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा, आणि जो देश शिकवायचा तो एकदा तरी पाहून यावा, या हट्टापायी त्याने ही लांब पल्ल्याची जुनी गाडी मार्च महिन्यात अझ्रूहून घेतली होती. हद्दू त्याच्या आईच्या गावचा, म्हणून मामा.

"रेस सोडली की ठक्, पिळली की ठक्," तो म्हणाला. "पंधरा दिवस झाले, मामा. हिला चेन नाही, शाफ्ट आहे, नाहीतर मीच ताणली असती. उद्या सकाळी तूदाला घेऊन रीचला जायचंय, मेहुणीचं लग्न आहे. आजच्या आज काय ते करा."

तूदा म्हणजे त्याची बायको. तिला पाचवा महिना होता, आणि रीचला जायचं तर मधला घाट ओलांडावा लागतो.

असा प्ले, म्हणजे ढिलाई, कुठेही असू शकते. क्लचमध्ये, गिअरबॉक्समध्ये, चाकापर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यात, नाहीतर चाकाजवळच्या गिअरच्या डब्यात. अर्धवट मिस्त्री अशा वेळी क्लचपासून सगळं उघडत सुटतात आणि गिऱ्हाइकाला देशोधडीला लावतात. हद्दूने शाफ्टवरची रबरी टोपी मागे सरकवली आणि सांध्यावर बोट ठेवलं.

"हलव चाक. सावकाश."

झायदने हलवलं. चाक चार बोटं फिरून आलं तेव्हा कुठे हद्दूच्या बोटाखालचा सांधा जागा झाला. म्हणजे शाफ्टपर्यंत सगळं ठीक होतं. दुखणं मागच्या डब्यात होतं.

हद्दूने खाली पत्र्याचं घमेलं सरकवलं आणि डब्याचं बूच काढलं. तेल आलं नाही. तो थांबला, दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं, मग तार घेऊन भोकात खुपसली. आतून करड्या रंगाचा एक लगदा सरकत आला आणि घमेल्यात पचकन् पडला. त्याच्यामागून दुसरा. हद्दूने चिमटीत धरून चोळला. ग्रीस, भुसा, आणि भुशात चमकणारा लोखंडाचा चुरा. वास देवदाराचा. करपट ग्रीसमध्ये मुरलेला तो गोड वास त्याच्या घशाशी आला.

"थू!" तो दाराबाहेर जाऊन थुंकला. परत येऊन पाहिलं आणि पुन्हा थुंकून आला.

"काय आहे ते?"

"भुसा. गिअरचे दात झिजले, आवाज करायला लागले, की आत भुसा आणि घट्ट ग्रीस कोंबायचं. दोन-तीन महिने गाडी गप्प. गिऱ्हाईक खूश. मग भुशाचं पीठ होतं आणि दात पुन्हा बोलायला लागतात." हद्दूने फडक्याला बोटं पुसली. लगदा नखांत जाऊन बसला होता. "शिसारी येते मला या जातीची. रोग्याला बरं करू नका, पण त्याच्या तोंडात बोळा कोंबता? वर त्यालाच बाजारात उभा करता? आणि वापरलंय काय, तर देवदार! चांगल्या घरात याच्या पेट्या करतात रे, नवरीच्या कपड्यांसाठी!"

तो बोलतच सुटला. अझ्रूच्या त्या विकणाऱ्याचा बाप काढला, आजा काढला, मग ज्याने त्याच्याकडे गाडी विकायला सोपवली त्याच्याकडे वळला. रागाला एकदा पाय फुटले की हद्दूला आवरणं कठीण, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेवटी तो झायदवर घसरला.

"आणि तू! शिकला-सवरलेला माणूस. गाढव घेणारासुद्धा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. गाडी घेताना हे चाक एकदा हाताने हलवून बघायला तुझे हात काय झडले होते?"

झायद ओशाळं हसला.

"मी विचारलं होतं, मामा. तुम्हालाच. फोन लावला होता ना अझ्रूहून, शुक्रवारी. गाडी चालू करून फोन चाकाजवळ धरला होता. म्हटलं, चाक उचलून हलवून बघू का? तुम्ही म्हणालात, 'हलवून बघायचं ते बहिऱ्यांनी. शिलाई मशीनसारखी चालतेय, मक्केला जाऊन येशील.' तुमच्याकडे सगळे केवढ्याने हसले होते."

हद्दूने घमेलं पायाने जरा बाजूला सारलं.

हद्दूचा कान हा त्या मुलखात प्रसिद्ध होता. लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो रोग सांगायचा, आणि तो खरा निघायचा. गेल्या काही वर्षांत लोक फोनवरूनच गाडी ऐकवायला लागले होते, फेस, मेकनेस अशा लांबच्या शहरांतून. त्याने एकदा 'घे' म्हटलं की कुणी पुढे काही तपासत नसे.

"तुमचा दोष नाही," झायद म्हणाला. "भुसाच भरला होता, तर कान तरी काय करणार? उलट त्या हरामखोराने तो तुमच्याच धाकाने भरला असेल." त्याने हेल्मेटं एका हातात घेतली. "असं करा मामा. तो लगदा धुऊन काढा आणि चांगलं तेल घाला. मग गाडी स्टँडवर चालू करू. तुम्ही पेचकस लावून ऐका. तुम्ही जा म्हणालात तर मी हळूहळू जाईन, नको म्हणालात तर नाही."

"नको."

"ऐकायच्या आधीच?"

"ही गाडी घाटात न्यायची नाही. एखादा दात तुटून मध्ये अडकला तर चाक जागच्या जागी जाम होईल."

"तुम्ही चिडलायत म्हणून बोलताय. मार्चपासून चालवतोय मी ही. तेव्हा भुशाआडूनही तुम्हाला काही वाईट ऐकू आलं असतं, तर तुम्ही बोललाच असतात. तुमचा कान मला माहीत नाही का? ठीक आहे, तुम्हाला वेळ नसेल तर माझा भाऊ तेल घालून देईल. तुम्ही संध्याकाळी फोनवर ऐका नुसतं."

हद्दू त्याच्याकडे पाहत राहिला. पोरगा खरंच जाणार होता. तेल घालणार, बायकोला मागे बसवणार आणि जाणार. घमेल्यातल्या त्या घाणीचा वास अजून येतच होता, पण आता हद्दूला जी किळस आली ती त्या अझ्रूवाल्याची नव्हती. त्याने फडकं खाली टाकलं.

"मला काही ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला.

"भुशामुळे. तेच म्हणतोय मी."

"भुशामुळे नाही. शुक्रवार होता. नमाजानंतर बायकोचे भाऊ जेवायला आले होते, कुसकुसचं ताट मध्ये होतं. दहा जण एकदम बोलत होते आणि चमचे वाजत होते. मी फोन कानाला लावलाच नाही. हातात उंच धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून. तुझी गाडी चालू होती की बंद, तेसुद्धा मला सांगता आलं नसतं. तू काही विचारलंस एवढंच कळलं, आणि मेहुण्यांसमोर एक टाळीचं वाक्य सुचलं, ते म्हणून टाकलं."

झायदच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. तो वाकला आणि मघाचच्या खडूच्या खुणांवर त्याने स्वतःची चार बोटं ठेवून पाहिली.

"गेल्या महिन्यात तूदाला डॉक्टरकडून घेऊन आलो याच घाटाने," तो म्हणाला. "उतारावर तिला झोप लागली होती. माझ्या पाठीवर डोकं टेकून."

हद्दूने खाली टाकलेलं फडकं उचललं.

झायदने दोन्ही हेल्मेटं बाकावर ठेवली. गाडीच्या बाजूच्या पेटीतून लग्नात द्यायच्या कापडाचं गाठोडं काढून काखेत मारलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली हेल्मेटाशेजारी ठेवली.

"रीचची बस सकाळी किती वाजता असते, मिस्त्री?"

हद्दूने वेळ सांगितली.