कोपऱ्यातली वेळ

मी एक जुना फळा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. फळ्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, आधी माझं सगळं ऐका आणि मग खुशाल हसा.

समुद्राकाठच्या एका शहरात, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीच्या दुकानाबाहेर मी टांगलेला आहे. त्याआधी मी बोटीत होतो. म्हणजे माझ्या चारही फळ्या एका बोटीच्या तळाला होत्या. ती बोट वाळूत रुतून फुटली आणि तेव्हाची धडकी अजून माझ्या लाकडातून गेलेली नाही. एका सुताराने तिच्यातल्या चार बऱ्या फळ्या निवडल्या, रंधा मारला, जोडल्या, वर काळा रंग दिला. शेवटचा खिळा ठोकताना तो म्हणाला, "सुटलास बाबा. आता तुला पाण्यात जायला नको." सुटलो कसला! इथूनही लाटा ऐकू येतात. भरतीच्या वेळी अजूनही माझे सांधे करकरतात.

काम मात्र मला आवडलं. गल्लीत काहीही घडायचं असलं की ते आधी माझ्या अंगावर घडायचं. उद्या पाणी येणार नाही. रविवारी किनारा साफ करायचा आहे, झाडू आपापले आणा. रस्सीखेच सायंकाळी, जाड माणसांनी दोन्हीकडे समान वाटून घ्यावे. एकदा कोणीतरी 'चष्मा हरवला आहे' हे इतक्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं की हरवला कुणाचा, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. येणारे-जाणारे थांबायचे, वाचायचे, हसायचे. कुणी म्हणायचं, "फळ्यावर आहे ना? मग झालं तर." हे ऐकून मी फुगायचो, पण लगेच घाबरायचो. कारण लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे, आणि मला तर खरं-खोटं काही करता येत नाही. जे लिहाल ते मी दाखवतो.

माझा उजवीकडचा वरचा कोपरा बोटवाल्या आजोबांचा होता. आजोबांनी जन्मभर माणसं या काठावरून त्या काठावर नेली, आणि हात थकल्यावर हा कोपरा धरला. आमच्या किनाऱ्यासमोर ओहोटीला वाळूचा एक लांब दांडा उघडा पडतो. मुलांना तो फार प्रिय. पण दांडा आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. भरती आली की आधी तो चर भरतो, दांडा नंतर बुडतो. दांड्यावर समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला, पाणी आपल्या पाठीमागून आलं आहे, हे कळतच नाही. म्हणून आजोबा रोज कोपऱ्यात परत फिरायची वेळ लिहायचे. ती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नुसते आकडे असायचे, वार नाही की तारीख नाही. रोज लिहितात म्हणजे आजचीच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबांची वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या कोपऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा गल्लीचा नियमच होता.

वर्षं गेली आणि माझा रंग विरला. मग माझ्यात एक खोड आली. पुसलेलं पुरतं पुसलं जाईना. आजच्या मजकुराखाली कालचा अंधूक दिसत राही. इस्त्रीवाल्या मावशी गल्लीच्या सगळ्या कार्यक्रमांच्या कर्त्याकरवित्या. त्या मला फडक्याने खसाखसा घासायच्या आणि वैतागायच्या, "मेला, किती घासा, कालचं सोडत नाही! आता एक पांढरा, गुळगुळीत फळा आणू या." हे ऐकलं की माझी पाचावर धारण बसायची. मला काढलं तर पुढे काय? चूल, नाहीतर परत समुद्र. मी मनातल्या मनात म्हणायचो, पुसलं जा रे, पुसलं जा.

त्या आठवड्यात माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'रविवारी दुपारी तीन वाजता दांड्यावर वाळूच्या किल्ल्यांची स्पर्धा'. खाली चौदा मुलांची नावं होती. सगळ्यांत वर मावशींच्या नातीचं. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आजोबा पिशवी घेऊनच आले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना बाहेरगावी जायचं होतं. त्यांनी बाहीने कोपऱ्यातली ४-०० पुसली आणि स्वतःशीच पुटपुटले, "उद्या शाळा आहे, दांड्यावर कोण मरायला जातंय? रविवारचीच लिहून ठेवतो." आणि त्यांनी लिहिलं, ५-४०. ते गेले.

तासाभरातच मावशींकडे शाळेच्या मोठ्या बाई आल्या. स्पर्धेचं परीक्षण त्यांच्याकडे होतं. त्यांना रविवारी लग्नाला जायचं होतं.

"मग शनिवारीच घेऊ या की," मावशी म्हणाल्या. "अर्धी शाळा असते. त्यात काय एवढं!"

त्यांनी फडक्याने 'रवि' पुसलं, 'शनि' लिहिलं. कोपऱ्याला मात्र नियमाप्रमाणे बोटही लावलं नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या क्षणी मी गारठलो. शनिवारची वेळ ४-५० होती. आणि माझ्या अंगावर, चांगल्या ठळक अक्षरात, ५-४० लिहिलेलं होतं. रात्रभर आणि सकाळभर मी वाट पाहिली की कुणाच्या तरी लक्षात येईल. शनिवारी दुपारी माणसं आली, कोपऱ्याकडे पाहून माना डोलावल्या. आमच्या गल्लीतला सायकलवाला तर म्हणाला, "पाच चाळीसपर्यंत! चिक्कार वेळ आहे, बुरूजसुद्धा बांधून होतील." फोन भिजू नयेत म्हणून सगळ्यांनी ते एका पिशवीत भरून मावशींच्या टेबलाखाली ठेवले. चौदा मुलं, बादल्या, फावडी आणि सहा-सात मोठी माणसं माझ्यासमोरून किनाऱ्याकडे उतरली. भिंगरी जाता जाता माझ्यावर टिचकी मारून गेली. मला ओरडायचं होतं. मला तोंडच नाही.

मावशी कपड्यांचा ढीग संपवायला मागे राहिल्या होत्या. समोरच्या न्हाव्याच्या दुकानातलं घड्याळ मला दिसतं. सव्वाचार झाले. साडेचार झाले. चर आता हळूहळू भरायला लागला असेल, हे मला माझ्या जुन्या फळ्यांत जाणवत होतं.

तेवढ्यात निकाल लिहायला जागा करावी म्हणून मावशी ओलं फडकं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी माझी वरची कड पुसायला घेतली आणि फडक्याचं पाणी ओघळून नेमकं आजोबांच्या कोपऱ्यात गेलं. ५-४० विरघळले.

"अगं बाई!" मावशींनी जीभ चावली. आजोबा रागावतील म्हणून इकडेतिकडे पाहत त्यांनी घाईने खडू उचलला. कोपरा वाळत होता. आणि वाळता वाळता माझी ती वाईट खोड वर आली. काळ्यावर अंधूक, करडे आकडे दिसू लागले, ४-००.

"हे कालचं. सोडत नाही मेला," असं म्हणत त्यांनी खडू टेकवला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"काल चार... आणि आज पाच चाळीस?" त्या बोटं मोजू लागल्या. "काल चार, म्हणजे आज पावणेपाच, फार तर पाच. पाच चाळीस तर उद्या..." त्यांनी 'शनि' या दोन अक्षरांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी होती. मावशींनी सायकलवाल्याला फोन लावला. तो त्यांच्याच टेबलाखाली, पिशवीत वाजला. मग त्यांनी हंबरडाच फोडला, "अहो, धावा! पोरं दांड्यावर आहेत, पाणी फिरलं!" आणि त्या अनवाणी पळत सुटल्या. न्हावी वस्तरा टाकून धावला. त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईकही धावलं.

गल्ली ओस पडली. दुकानात कुणाचा तरी शर्ट इस्त्रीखाली जळत होता, त्याचा वास येत होता. मला इथून समुद्र दिसत नाही. नुसता ऐकू येतो. आयुष्यात मी खूप घाबरलो आहे, पण ते सगळं त्या वेळेपुढे काहीच नव्हतं. पाच वाजले. पाच दहा झाले. माझ्या अंगावर चौदा नावं होती, आणि मी ती पुन्हा पुन्हा मोजत होतो.

पाच वीसला पावलं वाजली. ओली, फटाफट वाजणारी. पहिली तीन मुलं आली, कुडकुडत. मग दोन. मग न्हाव्याच्या दोन्ही काखांत दोन. मोठ्या माणसांनी हाताला हात धरून चरात साखळी केली होती, त्यांचे कपडे छातीपर्यंत भिजलेले. मोठ्या बाई, सायकलवाला, त्याच्या खांद्यावर एक. मी मोजत होतो. अकरा, बारा, तेरा.

मग कोणीच नाही.

मी नावांची यादी वाचत राहिलो. उरलेलं नाव सगळ्यांत वरचं होतं.

खूप वेळाने, म्हणजे घड्याळाप्रमाणे चारच मिनिटांनी, वळणावर मावशी दिसल्या. पाठीवर भिंगरी. ती बादली आणायला मागे फिरली होती, आणि मावशी गळ्यापर्यंतच्या पाण्यातून तिच्यासाठी परत गेल्या होत्या. भिंगरीच्या हातात बादली नव्हती. ती अजिबात हलत नव्हती. मग तिला शिंक आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मावशी माझ्याखाली पायरीवर बसल्या, नातीला घट्ट धरून रडल्या, आणि तिच्या पाठीत एक धपाटाही घातला.

सोमवारी आजोबा एका डोळ्यावर पट्टी लावून आले. सगळं ऐकून त्यांनी माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"तुमची कशी? वार मी बदलला," मावशी म्हणाल्या.

"वेळ मी लिहिली ना? मग वार लिहायला काय झालं होतं मला?"

त्यांनी खडू घेतला. वेळ लिहिली आणि तिच्याशेजारी, पहिल्यांदाच, लिहिलं, 'सोम'. मग खडू मावशींच्या हातात देऊन म्हणाले, "हा घे. यापुढे मी नसलो तर हा कोपरा तू पुसायचा आणि वेळही तूच लिहायची."

पांढऱ्या फळ्याचा विषय परत कुणी काढला नाही. मावशी आता मला हलक्या हाताने पुसतात. पण मित्रांनो, माझी भीती काही गेलेली नाही. संध्याकाळी मुलं किनाऱ्यावरून वर येऊ लागली की मी अजूनही मोजतो, आणि चौदाच्या पुढे गेलो तरी थांबत नाही.

तुमच्याही शाळेत, दुकानात, घरात माझ्यासारखं कुणीतरी टांगलेलं असेल. त्यावर वेळ लिहाल तेव्हा वारही लिहा. वाचाल तेव्हा विचारा, हे आजचंच आहे ना? आम्ही खोटंसुद्धा खऱ्याइतक्याच ठळक अक्षरात दाखवतो, आणि आम्हाला ओरडता येत नाही.