आवाज कुठे थांबवायचा

"आवाज टोचतोय हो, काका," गिटारवाली म्हणाली. "मागच्या वेळेपेक्षा जास्तच."

काका स्पीकरच्या खोक्याच्या पाठीचे स्क्रू काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या त्या यंत्रातच खोट असणार, ताई. माझा खोका पदरचं काही घालत नाही."

ते खरंच होतं म्हणा. पूर्वी गिटारवाल्यांना आवाज मोठा करायला धोंड्यासारखे जड ॲम्प लागायचे, प्रत्येकाचा आवाज निराळा. आता ते सगळे आवाज पायाशी ठेवायच्या एका डिजिटल यंत्रात मावतात. हव्या त्या ॲम्पची ते हुबेहूब नक्कल करतं. त्याला स्पीकर असा हवा, की जो मोठ्यानं बोलेल, स्वच्छ बोलेल आणि मध्येच स्वतःची अक्कल पाजळणार नाही. असे खोके बनवण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. बायको म्हणायची, "खोक्याला शिकवता ते स्वतःही शिका की जरा."

"आज संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा," गिटारवाली म्हणाली. "मी मागे तक्रार केली तेव्हा तुम्ही केलंत तरी काय?"

"वरच्या पट्टीतला आवाज वाढवला. दबल्यासारखा येत होता."

ती स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. "राग मानू नका, पण सगळेच म्हणतात, हल्ली काकांचे खोके टोचतात. तोंडावर कोणी बोलत नाही, एवढंच. गुपचूप दुसरीकडे जातात."

काकांचा हात थांबला. फोन इतके दिवस गप्प का, ते आत्ता कळलं. लोकांना आयता माल आवडायला लागलाय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"पूर्वी नाही कधी टोचायचे," ती म्हणाली.

"पूर्वी ही ऐकायची."

बायकोला सुरातलं ओ का ठो कळत नव्हतं. खोका तयार झाला की काका गिटारच्या तारा छेडायचे आणि ही आतल्या खोलीतून, कपड्यांच्या घड्या घालता घालता ओरडायची, "अहो, कानात सुया कसल्या घालताय?" काका खोक्याच्या आतलं, वरच्या पट्टीचं बटण मागे फिरवायचे. "आता गोधडी पांघरलीत त्याच्यावर." थोडं पुढे. "हं, राहू द्या." लगेच काका बटणावर लाल रंगाचा थेंब सोडायचे, म्हणजे ते जागचं हलायला नको. लोक म्हणायचे, काकांचा कान म्हणजे सोनं. काकांनाही तसंच वाटायचं. ती गेल्यावर ते घर झाडायला शिकले, एकट्यापुरतं रांधायला शिकले, पण तो कान कोणाचा होता हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"तुम्ही वाजवा, ताई," ते म्हणाले. "मी बटण फिरवतो. बरं वाटलं की सांगा."

त्यांनी चाकूच्या टोकानं जुना रंग खरवडला. ती वाजवू लागली. काका बटण मागे घेत गेले. तारेची झळाळी गेली, तरी ती मान हलवून नाहीच म्हणत होती. आणखी मागे. आता गिटार शेजारच्या घरात, दार लावून वाजत असल्यासारखी ऐकू येत होती.

"बस," ती म्हणाली. "किती गोड झालाय बघा."

"हा?"

"हाच, काका."

बायको गेली त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा घर भरलेलं होतं माणसांनी. त्यांनी रंगाची बाटली उघडली आणि स्वतःला साफ चुकीच्या वाटणाऱ्या जागी थेंब सोडला.

"छान झाला," ते म्हणाले.

दोघांनी मिळून खोका गाडीत ठेवला. "संध्याकाळी या ऐकायला," ती म्हणाली. "बघू," म्हणून काका आत आले.

भिंतीशी विक्रीसाठी तयार खोके रांगेनं उभे होते. हे सगळे बायको गेल्यानंतरचे. काकांनी पहिल्याची पाठ उघडली, रंग खरवडला, बटण मागे फिरवलं, तार छेडली. बरं वाटलं नाही. पुढे घेतलं, तेही कळेना.

ते उठले. दाराच्या दोन्ही फळ्या उघडून उंबऱ्यात उभे राहिले. समोरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती. काका कधी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

"जरा आत येता का?" ते म्हणाले. "काही घ्यायचं नाही. नुसतं ऐकायचं आहे."

"घाई आहे हो," म्हणून ती पुढे गेली. काका तसेच दारात उभे राहिले, आणखी कोणी येतंय का बघत.